कोरकूचा वारा न लागू देता मेळघाटात नोकरी कशी काढावी

बदलीच्या आदेशात धारणी किंवा चिखलदरा तालुक्याचे नाव दिसले की घरात सुतक पडल्यासारखे होते. तरीही धीर सोडू नका. घाट, पाऊस आणि न मिळणारे नेटवर्क यांच्याशी माणूस जुळवून घेतो. खरा धोका वेगळाच आहे. तिथली माणसे आपसांत दिवसभर कोरकू बोलतात आणि परका माणूस गाफील राहिला, तर दोन-तीन वर्षांत ती भाषा त्याला समजू लागते. मी तिथे अकरा वर्षे मास्तरकी केली आणि तिचा वारासुद्धा लागू दिला नाही. तेव्हा सांगतो ते अनुभवाचे बोल आहेत.

सर्वांत आधी, गावात मुक्काम करू नका. भाषा शाळेत लागत नाही. ती संध्याकाळी ओट्यावर, हँडपंपाशी आणि मोहफुले वेचताना लागते. परतवाड्याहून अप-डाऊन करणाऱ्याला ही बाधा सहसा होत नाही. घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो खरा, पण तो मराठीत लिहिलेला असतो आणि त्यावर अंगठा उठवणाऱ्याला तो वाचून दाखवण्याची पद्धत निदान आमच्या गावी तरी नव्हती.

कोरकूला कधीही भाषा म्हणू नका, बोली म्हणा. एखादा अभ्यासू तरुण तुम्हाला गाठून सांगेल की ती मुंडा कुळातली आहे, संथाळी आणि मुंडारी तिच्या बहिणी आहेत, मराठी-हिंदीशी तिचे रक्ताचे नाते नाही आणि २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली आहे. त्याला शांतपणे विचारा, ‘लिपी कुठे आहे?’ आपली देवनागरी हिंदी आणि नेपाळीही वापरतात आणि आपल्याच पणजोबांचे मोडीतले दप्तर आपल्याला वाचता येत नाही, या गोष्टी त्या वेळी आठवू नयेत, एवढी दक्षता घ्या.

वर्गात मात्र प्रसंग बाका येतो. पहिलीतली एक मुलगी माझ्यासमोर उभी राहून ‘डा’ म्हणाली. मी तिला तीनदा ‘नीट बोल’ म्हणून बजावले. चौथ्यांदा ती काही न बोलता खाली बसली. खिचडी शिजवणारी बाई दारातून म्हणाली, ‘गुरुजी, पोरगी पाणी मागून राह्यली जी.’ पुढच्याच आठवड्यात पोरे आपसांत ‘आले, आले’ म्हणताना ऐकून साहेब आले असावेत अशा समजुतीने मी सदऱ्याची बटणे लावून दाराशी गेलो, तर मागे सगळा वर्ग हसत होता. ‘आले’ म्हणजे ‘आम्ही’, म्हणजे ज्याच्याशी बोलायचे त्याला सोडून उरलेले; त्यालाही सामील करायचे असेल तर ‘आबुङ’, हेही बाईनेच सांगितले. आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’मध्ये नेमका हाच भेद आहे आणि हिंदीच्या ‘हम’ला तो ठाऊक नाही. असले ज्ञान कटाक्षाने टाळा. एकदा ते झाले की पोरांनी आपल्याला कशाकशातून वगळले आहे, ते दिवसभर ऐकू येत राहते.

कायद्याची भीती बाळगू नका. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून संविधानात १९५६ साली कलम ३५०-क घातले गेले आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषेच्या माध्यमाचा उल्लेख आहे. पण त्याच्या शेजारी ‘शक्यतोवर’ हा शब्द आहे. त्या शब्दावर माझी सगळी सेवा सुखाने पार पडली.

बाजारातल्या व्यापाऱ्याचे पाहून बिघडू नका. तो बाहेरून आलेला असूनही दोन हप्त्यांत ‘मिया, बारी’ मोजू लागतो, कारण त्याला माल विकायचा असतो. आपला पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो. कोरकू माणसाची काळजी तर मुळीच करू नका. तो घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि तहसिलीत मराठी बोलतो. दिवाळीनंतर मजुरीसाठी खाली अचलपूर-अमरावतीकडे उतरला की आठवड्याभरात ‘रोजी किती देता जी?’ असे चोख वऱ्हाडी विचारतो आणि होळीला घरी परततो. त्याला तीन भाषा येतात म्हणून आपण त्याला मागासलेला म्हणतो. हिशोब चुकतोय असे वाटले तर पुन्हा करू नका.

मराठीचा अभिमान मात्र सोडू नका. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा मी वर्गातल्या खुर्चीवर बसूनच व्हॉट्सॲपच्या गटात लिहिले होते की, सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर घरात न बोलली जाणारी भाषा लादणे हा निव्वळ अत्याचार आहे. चाळीस जणांनी अंगठे दिले. लिहिताना समोरची पोरे गलका करत होती, म्हणून त्यांना मध्येच दरडावावे लागले, ‘मराठीत बोला!’ जूनअखेर तो निर्णय मागे घेण्यात आला, तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. पेढ्याला कोरकूत काय म्हणतात, ते कुणी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

अशी वर्षे गेली की निरोपाचा दिवस येतो. शाल, नारळ, मुलांचे पाठ केलेले मराठी भाषण, सारे रीतसर होते. शेवटी एक म्हातारी काठी टेकत पुढे येईल आणि तुमच्याकडे पाहत कोरकूत बराच वेळ काही सांगेल. मागच्या बायका पदर तोंडाला लावतील. तुम्ही खिचडीवाल्या बाईकडे पाहा. माझ्या वेळी ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘चांगलं म्हनते जी.’ तेवढे पदरात घ्या आणि परतवाड्याची एसटी चुकवू नका.