उत्तर वर लिहावं की खाली?

टेक्निकल ग्रुपवर प्रश्न टाकला की पहिला प्रतिसाद प्रश्नाला येत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला येतो. नव्या लॅपटॉपवर मी डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि वाय-फाय दिसेना, म्हणून एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे एकाचा मेल सगळ्यांना जातो अशा गटावर, विचारलं. लॅपटॉपचं मॉडेल, कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, आवृत्ती, आतापर्यंत काय काय करून पाहिलं, सगळं तपशीलवार लिहिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. मी हरखलो. उघडून पाहतो तर, 'आपला मेल एचटीएमएलमध्ये आहे. या लिस्टवर साधा मजकूर पाठवायची पद्धत आहे.' खाली सही, सहीखाली एक सुवचन, आणि सुवचनात माणसाच्या स्वातंत्र्याची थोरवी.

एचटीएमएल म्हणजे रंग, ठळक अक्षरं वगैरे सजावटीचा मजकूर, आणि माझ्या फोनमधलं मेलचं अ‍ॅप साधा मजकूर पाठवूच शकत नव्हतं. लॅपटॉपवरून पाठवता आला असता, पण त्याला वाय-फाय नव्हतं. हे मी लिस्टला कळवलं, तेही अर्थातच एचटीएमएलमध्ये.

मग एक भला माणूस आला. 'एलएसपीसीआयचं आउटपुट पाठवाल का?' एवढंच त्याने विचारलं, म्हणजे लॅपटॉपमध्ये कोणकोणती कार्डं आहेत त्याची यादी. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, पण बिचाऱ्याने तो माझ्या मजकुराच्या वर लिहिला. झालं! 'कृपया टॉप-पोस्टिंग करू नये.'

ज्यांनी हे युद्ध पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेलला उत्तर देताना आधी समोरच्याची वाक्यं ठेवायची, त्यातली नको ती कापायची आणि उरलेल्याखाली आपलं म्हणणं मांडायचं, हा जुन्या मंडळींचा संप्रदाय. माणूस वरून खाली वाचतो, तेव्हा प्रश्न वर आणि उत्तर खाली, असा त्यांचा साधा हिशेब. ऑफिसात आउटलुकच्या मांडीवर वाढलेल्या पिढीचं म्हणणं असं, की ताजं ते वर. ज्याला मागचा इतिहास हवा त्याने उतरावं खाली. मला विचाराल तर जुनी मंडळी बरोबर आहेत. दोन वर्षांनी जुन्या मेलांचं आर्काइव्ह चाळणाऱ्याला उलटं संभाषण वाचायला लावणं हा छळच आहे. पण बरोबर असलेल्या माणसांनी इतकं खेकसायचं कशासाठी, हे मला कळलेलं नाही.

त्या भल्या माणसाचं दुर्दैव एवढ्यावर संपलं नाही. त्याने मेल ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवला होता. त्याच्या एका ओळीच्या प्रश्नाखाली कंपनीच्या सर्व्हरने आपोआप एक परिच्छेद चिकटवला होता. हा मेल गोपनीय आहे. आपण त्याचे अपेक्षित प्राप्तकर्ते नसाल तर तो त्वरित नष्ट करावा, त्याची प्रत काढू नये, कोणास दाखवू नये. लिस्टवर हजारेक माणसं, शिवाय आर्काइव्ह गूगलला सताड उघडं. एकाने गंभीरपणे विचारलं, 'मी अपेक्षित आहे की नाही हे कुणी ठरवायचं?' दुसऱ्याने कळवलं, 'मी नष्ट केला आहे, पण वाचून झाल्यावर. चालेल का?' तिसऱ्याने या परिच्छेदाला कायद्याने काही किंमत आहे का, यावर निबंध लिहिला. चौथा रजेवर होता आणि तसं त्याचं मशीन प्रत्येकाला कळवत होतं. पाचव्याने मोठ्या लिपीत फक्त 'अनसबस्क्राइब' असं हजार जणांना पाठवलं. लिस्टमधून बाहेर पडायची लिंक प्रत्येक मेलच्या तळाशी असते, हे त्याला पुढच्या पंचवीस जणांनी सांगितलं. त्यांतल्या निम्म्यांनी वरून उत्तर दिलं होतं.

वाय-फाय अजून बंदच होतं. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "अरे, एवढं काय खडखड चाललंय रात्रीचं? त्या केबलवाल्या पोराला फोन कर, तो येऊन बघून जाईल." अगं आई, तो वेगळा, हे वेगळं, असं मी म्हणालो खरा, पण त्या क्षणी मला केबलवाल्या पोराचा फार आधार वाटला. तो येतो, बॉक्स हलवतो, पन्नास रुपये घेतो आणि जातो. आपण त्याच्याशी कसं बोललो याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

पूर्वी मला वाटायचं, हा खुसपटं काढण्याचा गुण खास आपल्याकडचा, त्यातून पुण्याकडचा. मग मी जगाचा इतिहास वाचला आणि बरं वाटलं. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकावरच्या सूचनाफलकावर लोक लिफ्ट, मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब यांवर शास्त्रीय थट्टा करत होते. ती कुणाला तरी खरीच वाटली आणि लिफ्टमध्ये पारा सांडल्याची हूल उठली. तेव्हा तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबरला सुचवलं, की विनोद केला तर पुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस काढत जा. मान वाकडी करून पाहिलं की हसरा चेहरा दिसेल. हसणाऱ्या चेहऱ्यांचं सगळं खानदान तिथून सुरू झालं. विद्वान माणसांना एकमेकांचा विनोद कळेना, म्हणून विनोदाला पाटी लावावी लागली, हे मूळ कारण.

१९९५ हे आणखी मौजेचं साल. १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि ऑक्टोबरात तिकडे 'आरएफसी १८५५' प्रसिद्ध झालं. म्हणजे नेटवर कसं वागावं याची मार्गदर्शक संहिता, सॅली हॅम्ब्रिज नावाच्या इंटेलमधल्या बाईंनी लिहिलेली. ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवा, सही चार ओळींपेक्षा लांबवू नका, सगळी कॅपिटल अक्षरं वापरलीत तर ओरडल्यासारखं वाटतं. राग आला असेल तर रात्रभर थांबून मग उत्तर द्या. आणि अगदीच राहवत नसेल तर? त्याचीही सोय आहे. आधी 'फ्लेम ऑन' लिहा, मनसोक्त बोला आणि शेवटी 'फ्लेम ऑफ' लिहा. भांडणाला नांदी आणि भरतवाक्य नेमून देणारं असं शास्त्र आपल्या धर्मग्रंथांतही नसावं.

माझं सर्वांत आवडतं भांडण मात्र २९ जानेवारी १९९२चं. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम विद्यार्थ्यांसाठी लिहिली होती. तिच्याच चर्चागटावर त्यांनी 'लिनक्स कालबाह्य आहे' असा मथळा देऊन एक टिपण टाकलं. लिनक्स तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं पोर, आणि त्याचा बाप हेलसिंकीचा बावीस वर्षांचा विद्यार्थी, लायनस टॉरवाल्ड्स. सगळं कर्नल एकाच ढिगात कोंबायचं म्हणजे थेट सत्तरच्या दशकात परत जाणं, असं सरांचं म्हणणं. लायनस उसळला. मिनिक्समधल्या खोड्या त्याने सरांच्या तोंडावर मोजून दाखवल्या, आणि प्राध्यापकी ही त्या खोड्यांसाठी बरी सबब आहे, असंही सुनावलं. दुसऱ्या फेरीत सर म्हणाले, तू माझा विद्यार्थी नाहीस याबद्दल देवाचे आभार मान. असल्या डिझाइनला माझ्याकडे चांगले मार्क मिळाले नसते. आणि पुढे तो फालमनचा हसरा चेहरा! मार्क कापतानाही स्माइली विसरले नाहीत, याला म्हणतात संस्कार. लायनसनेही मग शिष्टाचार सोडून लिहिल्याबद्दल माफी मागितली.

पुढची गंमत अशी, की २००४ साली लिनक्स हे मिनिक्सवरून उचललेलं आहे असा आरोप झाला, तेव्हा 'पोराने स्वतःच लिहिलंय' असं ठणकावून सांगायला हेच टॅनेनबॉम पुढे आले. आणि आज? २०१५ नंतरच्या बऱ्याच इंटेल चिपांच्या पोटात देखरेखीसाठी एक छुपी यंत्रणा चालते, ती मिनिक्सवर. म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये वरच्या मजल्यावर लायनस आणि तळघरात सर, असे दोघे सुखाने नांदतात. वाय-फाय मात्र दोघांपैकी कुणीच देत नव्हतं.

ते भांडण निदान मोठ्या मुद्द्यावर होतं. एरवी मुद्दा जितका चिल्लर तितके मेल जास्त, असा माझा अनुभव आहे, आणि त्यालाही शास्त्राधार निघाला. ऑक्टोबर १९९९मध्ये फ्रीबीएसडी या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या लिस्टवर, ठरावीक वेळ थांबायला सांगणाऱ्या 'स्लीप' या आज्ञेला अर्धा-पाव सेकंद कळावा की नाही, यावर रणकंदन माजलं. तेव्हा पौल-हेनिंग कॅम्प या डॅनिश प्रोग्रामरने वैतागून पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाचा दाखला दिला. अणुभट्टीचा कोट्यवधींचा प्रस्ताव समितीत झटक्यात मंजूर होतो, कारण तो कुणाला कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र प्रत्येकाला मत असतं. आमच्या सोसायटीत हेच चालतं: लिफ्टचा काही लाखांचा ठेका चहा येण्याआधी पास होतो आणि गेटच्या रंगावर सभा तहकूब होते. २०१८ साली तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा जनक गिडो व्हॅन रॉसम याने अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह जोडून एक नवी खूण आणली. तिच्यावरून इतकी चिरफाड झाली, की खूण मंजूर करून त्याने सरपंचपद सोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात लायनसनेही, आपण लोकांना फार लागेल असं बोलतो हे जाहीर कबूल करून, काही काळ रजा घेतली.

आपल्या पोरांची अडचण उलटी असते. ती परदेशी लिस्टवर 'रिस्पेक्टेड सर' असं लिहून सुरुवात करतात, तीन ओळी क्षमा मागण्यात घालवतात, आणि मग 'इथे कुणी सर नाही' असा फटका खातात. सर नाही तर मग दादा म्हणायचं का, असा त्यांना प्रामाणिक प्रश्न पडतो. टेलिग्रामवर तर नुसतं 'हाय' टाकून बसायचं. कुणी 'बोला' म्हटलं की मग, 'इथे कुणाला पायथन येतं का?' येतं म्हटलं, की तासाभराने मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो. तोही तिरपा. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, पंख्याचं एक पातं, फोटो काढणाऱ्याचा अंगठा, कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा', आणि ज्या ओळीत एरर आहे ती ओळ बरोबर चौकटीच्या बाहेर. हा फोटो पाहिला की ते एचटीएमएलवर खेकसणारे काका मला देवमाणूस वाटतात.

काका म्हणजे पहिलं उत्तर देणारे, सुवचनवाले. लिस्टवर तोवर नवा धुरळा उठला होता. माझ्या वाय-फाय कार्डाला लागणारं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या पोटात चालणारं सॉफ्टवेअर, बंदिस्त आहे, त्याचा सोर्स कंपनी देत नाही, म्हणून डेबियनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये तेव्हा ते नसायचं. त्यावर, सॉफ्टवेअरचा सोर्स सर्वांना खुलाच हवा म्हणणाऱ्या एका कट्टर मुक्तिवाद्याने निकाल दिला, की दोष सॉफ्टवेअरचा नसून तुमचं कार्डच अनैतिक आहे, ते काढून दुसरं घ्या. दुसऱ्याने त्याला विचारलं, 'हा मेल तुम्ही ज्या फोनवरून पाठवलात त्यात काय काय आहे, सांगू का?' तिसऱ्याने मला 'लिनक्स' नव्हे, 'जीएनयू/लिनक्स' म्हणायला शिकवलं, कारण त्यात जीएनयू प्रकल्पाचाही वाटा आहे. गाडी मुद्द्यावरून गुद्द्यावर येणार, एवढ्यात माझ्या एकट्याच्या इनबॉक्समध्ये काकांचा मेल पडला. साधा मजकूर, छोट्या ओळी. 'फोन यूएसबीने जोडून नेट घ्या. नॉन-फ्री रिपॉझिटरी चालू करून फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय हे पॅकेज टाका. रीबूट. लिस्टवर सांगितलं तर ते लोक मला सोडणार नाहीत.'

वाय-फाय चालू झालं. पुढच्या माणसाचे हाल वाचावेत म्हणून मी उत्तर लिस्टवर टाकलं. खाली लिहून, सही छाटून, लॅपटॉपवरून. लगेच तिघांनी कळवलं, की विषयाच्या आधी चौकटी कंसात 'सॉल्व्ह्ड' लिहायचं राहिलं. मुक्तिवाद्याने 'आपण शरण गेलात, वाईट वाटलं' एवढंच लिहिलं. आणखी एकाने, हे उत्तर तुम्हाला खाजगीत कुणी दिलं आणि लिस्टवर का दिलं नाही, याची चौकशी मांडली. काका गप्प. मीही नाव फोडलं नाही. पुढे २०२२मध्ये डेबियनवाल्यांनीच मतदान घेऊन असलं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३च्या बाराव्या आवृत्तीत ते आलंसुद्धा. काकांनी त्या दिवशी लिस्टवर त्यांच्या आयुष्यातली पहिली स्माइली टाकली. कुणीतरी त्यांना ती जपून वापरायला सांगितलं. तसं 'आरएफसी १८५५'मध्ये आहे म्हणे.

या सगळ्याला वैतागून मॉडरेटरने नुकतंच सुचवलं, की आपल्या लिस्टची आपण स्वतःची आचारसंहिता लिहू. सूचना सर्वांना पसंत पडली, हा इतिहासातला एकमेव प्रसंग. मग ती कुठल्या फॉरमॅटमध्ये लिहायची यावर चर्चा सुरू झाली. साधा मजकूर, मार्कडाउन की ओडीटी, यात काही आठवडे गेले. साधा मजकूर जिंकला, तर पोटकलमं टॅबने आत ढकलायची की स्पेसने, इथे गाडी अडली. शेवटी मतदान घ्यायचं ठरलं. पण मतदान हात वर करून साध्या बहुमताने घ्यावं, की डेबियनसारखं पसंतीक्रम लावून कंडोर्से पद्धतीने, यावर आता दोन तट पडले आहेत. साधं बहुमत मागणाऱ्यांना गणिताचा गंध नाही हे उघड आहे. तसं मी काल रात्री लिस्टवर सविस्तर कळवलं आहे, ६५ अक्षरांच्या ओळी पाडून, सुरुवातीला 'फ्लेम ऑन' लिहून. 'फ्लेम ऑफ' अजून पाठवलेलं नाही.