"अक्कल आली का?" असं पुन्हा विचाराल तर याद राखा

बोलता येत नाहीये म्हणून लिहितेय. उजव्या गालात अख्खं लिंबू कोंबल्यासारखी सूज आहे, आत टाके आहेत आणि आज तिसरा दिवस पेजेवर चाललाय. तेव्हा मध्ये कुणी बोलायचं नाही.

हे नाव ज्याने कुणी ठेवलं ना, त्याची स्वतःची कधी दुखली नसणार. अक्कलदाढ म्हणे! पोटात कळ आली तर लोक रिक्षा बोलावतात, पाठ धरली तर बसायला जागा देतात. अक्कलदाढ दुखतेय म्हटलं की समोरचा आधी दात काढतो. "अरे वा, म्हणजे आता अक्कल येणार!" ऑफिसात सात जण म्हणाले, लिफ्टमध्ये दोघं म्हणाले, आणि डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर टेकलेली एक अनोळखी बाईसुद्धा म्हणाली. आणि प्रत्येकाचा चेहरा असा, की हा विनोद जगात पहिल्यांदा यांनाच सुचलाय. जपानी लोक हिला 'ओयाशिराझु' म्हणतात, म्हणजे आईबापांना पत्ता नसलेली. याला म्हणतात नाव! साधारण सतरा ते पंचवीसच्या मध्ये उगवते, आईबाप तेव्हा काय तोंडात डोकावायला येतात का? माझी आई तर अजून म्हणते, "आम्हाला नाही बाई असलं काही झालं." नसेल झालं. काहींना ती येतच नाही. पण म्हणून माझं दुखणं नाटक कसं गं?

बरं, ही बया सरळ दुखतही नाही. जूनमध्ये माझा उजवा कान ठणकायला लागला. गिळताना घसा टोचायचा. मी गेले कानाच्या डॉक्टरकडे. दीड तास बाकड्यावर, पाचशे रुपये, आणि निकाल काय, तर कान स्वच्छ आहे, दात दाखवून घ्या. मी मनात म्हटलं, माझे दात ठणठणीत आहेत, याला काही कळत नाही. घरी येऊन मोबाईलचा टॉर्च लावून आरशासमोर आ केला. पुरता आ होईना. एरवी आपली तीन बोटं उभी आत जातात, इथे दोन घालताना डोळ्यांत पाणी. शेवटच्या दाढेच्या मागे लालबुंद हिरडी, तिच्यातून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक, वर हिरडीची चामडी टोपीसारखी लोंबलेली. आणि त्या टोपीखाली, सकाळच्या पोह्यांतली मोहरी.

सगळं दुखणं त्या टोपीत असतं. दाढ अर्धीच वर येते, टोपीखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, तिथे जंतूंची पंगत बसते. मग सूज, तोंडाला घाण वास, कधी पू. सुजलेल्या टोपीवर वरची दाढ आपटते की अजून सूज. माझी मोहरी निघाली कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळांनी. सगळ्या उपायांत तेवढा एकच कामाचा निघाला.

कारण बाकीचे उपाय म्हणजे आपल्याकडे दातदुखीवर अख्खी पंचक्रोशी डॉक्टर असते. आत्या म्हणाली लवंगेचं तेल लाव. लावलं, थेंबभर नाही, कापूस भिजवून. हिरडी भाजली, पांढरी पडली, दुखणं तिथेच, वर चटका फुकट. काका म्हणाले तंबाखूची चिमूट धर. काका, दुखणं घालवायचंय की कॅन्सर आणायचाय? शेजारच्या काकूंनी बाहेरून गरम शेक सांगितला, शेकून गाल सकाळी दुप्पट. बर्फ लावायचा असतो हो काकू, बर्फ! आणि मेडिकलवाला. तोंडात न बघताच म्हणाला, "ताई, ही अँटिबायोटिक तीन दिवस, ही दुखायची." चिठ्ठी मागितली नाही, अ‍ॅलर्जी विचारली नाही. मी पण शहाणी, घेतल्या.

शेवटी दाताच्या डॉक्टरीणबाईंनी ओपीजी काढायला लावला, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. तो बघून मलाच हसू आलं. बाकीचे दात रांगेत उभे आणि ही एकटी पुढच्या दाढेवर डोकं टेकून झोपलेली, लोकलमध्ये शेजारणीच्या खांद्यावर झोपतात तशी. बाई म्हणाल्या, सूज असताना भूल नीट लागत नाही, आधी ती उतरू दे, पाच दिवसांनी काढू.

पाच दिवसांनी दुखणं गेलं, आणि मी काही दाढ काढायला गेले नाही.

इथे मला कुणावर ओरडता येत नाही, म्हणून जास्त संताप होतो. दुखणं थांबलं की आपल्याला वाटतं बरं झालं. टोपी तिथेच, आडवी दाढ तिथेच, पुढची मोहरी कढईत तडतडतेय, पण आपण खूश. वर मी नेटवर वाचून आले होते, की ब्रिटनच्या 'नाईस' नावाच्या संस्थेने 2000 सालीच सांगितलंय, निरोगी अक्कलदाढा उगाच काढू नका. बरोबरच आहे. सरळ आलेली, घासता येणारी, न कुरकुरणारी दाढ राहू द्यावी. मी त्यातला 'निरोगी' हा शब्द तेवढा सोयीने गाळला.

मग गणपती आले. पहिल्या दिवशी, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, जबडा लॉक. आरतीला नुसत्या टाळ्या. उकडीचा मोदक, अहो उकडीचा, ज्याला चावावंही लागत नाही, तो तोंडात जाईना! चमच्याने कळी मोडून, सारण बाजूला काढून, पारी बोटाने आत सरकवली. समोर भाऊ एकेक मोदक अख्खा गिळतोय आणि विचारतोय, "अक्कल अजून येतेच आहे का गं?"

रात्री घसा भरून आला तेव्हा मात्र टरकले. ताप चढला, थुंकी गिळता येईना, जबड्याखाली सूज उतरली किंवा श्वासाला जड वाटलं, तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठायचं असतं. माझं तिथवर गेलं नाही, नशीब.

परवा काढली. दुखलं म्हणाल तर नाही, पण आवाज! आपल्याच कवटीत ड्रिल चालतंय, मध्येच कडक्‌ करून दाढेचे दोन तुकडे, मग एकेक तुकडा उपसायचा. खालच्या ओठाची नस मुळांच्या जवळून जाते म्हणून बाई सांभाळून करत होत्या आणि मी खुर्चीचे हात चेपत होते. दिवसभर चूळ नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, नाहीतर जखमेतली गुठळी सुटते आणि हाड उघडं पडतं. त्याचं दुखणं म्हणे आधीच्यापेक्षा वाईट. बिल विम्याला दाखवलं, तर माझ्या पॉलिसीत दात बसत नाहीत. दात शरीराच्या बाहेर असतात बहुतेक.

त्या दिवशी दवाखान्यातून रिक्षात बसले, ओठ बधिर, दातांखाली कापसाचा बोळा दाबलेला, आणि आत्याचा फोन.

"काढलीस का गं? म्हणजे होती तेवढीही गेली म्हणायची!"

तोंडात बोळा होता म्हणून वाचली.