सहा बटणं, अकरा मिनिटं

आज सकाळी शर्टाची सहा बटणं लावायला मला अकरा मिनिटं लागली. चौथं बटण दोनदा काजात अर्धं गेलं आणि निसटलं. बोटांना ते नीट जाणवत होतं, पण अंगठ्याला 'ढकल' म्हटलं की तो उशिराने ऐकतो. मुलगा दाराशी उभा होता. पूर्वी तो न विचारताच बटणं लावून मोकळा व्हायचा. मग "बाबा, लावून देऊ?" असं विचारू लागला. आता तो नुसता थांबतो. त्याच्या त्या थांबण्याने मला किती बळ येतं हे त्याला कधी धड सांगितलं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसलोय.

माझं वय बहात्तर. पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान होऊन नऊ वर्षं झाली. आजार त्याच्याही आधीपासून आत होता. वास येणं कितीतरी आधी कमी झालं होतं, पोट साफ होत नव्हतं, झोपेत मी हातपाय झाडायचो. हे सगळे एकाच आजाराचे धागे आहेत हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हालचालींसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजत जातात. हात थरथरतोय म्हणून आपण डॉक्टरांकडे जातो, तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात.

भेटायला येणाऱ्यांची नजर आधी हाताकडे जाते. कंपवात म्हणजे कंप, असंच सगळ्यांना वाटतं. खरं तर कंप हा माझा सगळ्यात छोटा त्रास आहे. हात मांडीवर स्वस्थ असला की तो थरथरतो, काही उचलायला गेलो की बराच कमी होतो. काहींना तर कंप नसतोच. जड जातो तो ताठरपणा आणि संथपणा. कुशीवर वळणं, खुर्चीतून उठणं, चारचौघांच्या गप्पांत आपलं वाक्य वेळेत घुसवणं. माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

म्हणूनच माझं ठाम मत झालंय की या आजारात समाधान मिळतं ते वेळेतून. आधी गोळीची वेळ. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूतल्या डोपामिनची उणीव भरून काढणारी गोळी ठरल्या वेळी पोटात गेली की माझा दिवस माझा असतो. मी ती जेवणाच्या अर्धा तास आधी घेतो, कारण जेवणातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. मागे दुसऱ्याच कारणासाठी दवाखान्यात दाखल झालो होतो. तिथे सगळ्यांच्या गोळ्या वॉर्डच्या वेळेला मिळायच्या. सकाळची गोळी अडीच तास उशिरा आली, दुपारचीही तशीच, आणि संध्याकाळी मला पाण्याचा पेला धरवेना. नर्सबाई कष्टाळू होत्या, मनाने चांगल्या होत्या. पण या आजारात अर्धा तासही फार असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर दाखल होतानाच गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा. आणि ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद कधीच करू नका, ते धोक्याचं आहे.

मग पावलांची वेळ. दारातून जाताना माझे पाय कधीकधी जमिनीला चिकटतात. वरचं धड पुढे जातं, पाय जागचे हलत नाहीत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा हिने घाबरून माझा हात ओढला आणि मी पडता पडता वाचलो. आता ही ओढत नाही. माझ्या पुढ्यात स्वतःचं पाऊल आडवं ठेवते आणि म्हणते, "अहो, ओलांडा." आणि मी ओलांडतो! जमिनीवर ओलांडायला काहीतरी दिसलं की चालण्याची दुसरीच वाट मेंदूला सापडते. सपाट फरशीवर अडणारे पाय जिना मात्र चढतात, ते यामुळेच. हिचं आडवं पाऊल हा माझ्या दिवसातला सगळ्यात मायेचा क्षण असतो.

"तुम्ही समाधानी राहा हो, मन खंबीर ठेवा," असं लोक सांगतात. प्रेमाने सांगतात, तरी याबद्दल मला बोललंच पाहिजे. तिसऱ्या वर्षी मी अंधारात गेलो होतो. कशातच रस नव्हता, सकाळ नकोशी वाटायची. मला वाटलं, मीच कमी पडतोय. डॉक्टरांनी समजावलं की उदासी हासुद्धा याच आजाराचा भाग असू शकतो, मेंदूतल्या त्याच बिघाडातून येणारा. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं त्या इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. अवघ्या सहा रुग्णांवरून केलेलं ते वर्णन आजही थक्क करतं. पण बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात, असं त्यांनी लिहिलं होतं. मन, झोप, वास, स्मरण यांनाही हा आजार शिवतो हे पुढे कळलं. मी उदासीवर औषध घेतलं, त्याची मला लाज वाटत नाही. समाधान हे रुग्णाच्या डोक्यावर ठेवलेलं कर्तव्य नसावं. आधी उपचार, झोप, व्यायाम, माणसं. मग ते आपल्या पावलांनी येतं. माझं आलं.

नात सहा वर्षांची आहे. एकदा तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?" मी तिच्या चित्राकडे बघत होतो आणि मला ते फार आवडलं होतं, पण ते चेहऱ्यावर उमटलंच नव्हतं. चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. तिला जवळ घेऊन सांगितलं की आजोबांचं हसू बाहेर यायला वेळ लागतो. तेव्हापासून ती माझ्यासमोर बसून वाट बघते. हसू आलं की टाळी देते.

अक्षराचं तसंच. ओळ सुरू होते तेव्हा ठीक असतं, शेवटाकडे मुंगीएवढं होतं. म्हणून रोज सकाळच्या गोळीनंतर मी रुंद रेघांच्या वहीत एक पान लिहितो. प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला टेकवायचं, एवढंच मनात ठेवून. लिहिताना तेच मोठ्याने वाचतो, म्हणजे आवाजालाही व्यायाम होतो. काल पानाच्या शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्दही रेघेला टेकला. नातीला दाखवला. तिने खाली तिचं नाव लिहिलं, माझ्याच मापाच्या अक्षरात.