तारीख कळते, कारण कळत नाही

२०२३च्या उन्हाळ्यात दारातल्या फटीतून एक पाकीट आत पडलं. वर कोर्टाचा शिक्का. सातारा जिल्ह्यातल्या माणसाच्या घरी कोर्टाचं पाकीट आलं की आधी पोटात गोळा येतो, वाचायचं मागाहून. उघडलं तर ज्युरीत, म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, बसण्याचं बोलावणं. इंग्लंडात येऊन मला चौदा वर्षं झाली होती, पण पासपोर्ट भारताचाच. वाटलं, यांच्याकडून गफलत झाली. गफलत नव्हती. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याचं नाव मतदारयादीत जातं. यादीत नाव, वय १८ ते ७५ आणि पाच वर्षांचं वास्तव्य, एवढं जुळलं की चिठ्ठी निघू शकते. नाही म्हणायला सबळ कारण लागतं.

बायको म्हणाली, "तुमच्या घराण्यात एकदाचं कुणीतरी कोर्टात बसून निकाल देणार. अण्णांना सांगा."

अण्णा म्हणजे माझे वडील. २००१ सालापासून ते तालुक्याच्या आणि मग जिल्ह्याच्या कोर्टात वाटणीच्या दाव्यासाठी खेटे घालतायत. चार एकर जिरायत आणि विहिरीतला हिस्सा, एवढाच मामला. मूळ वादी-प्रतिवादी मिळून नऊ माणसं होती, त्यातली पाच गेली. माणूस गेलं की ९० दिवसांच्या आत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचा अर्ज करावा लागतो. मग त्या वारसांना नोटिसा. त्यातला एक सुरतेला, एकीचं सासर बेळगावला, एकाचा पत्ताच नाही. नवाचे आता सत्तावीस झालेत. दावा पुढे सरकत नाही, पण वाढतो मात्र. २०१३ साली हुकूमनामा आमच्या बाजूने झाला तेव्हा पेढे वाटले होते. शेतजमिनीची वाटणी कोर्टाच्या हुकुमाने थेट होत नाही, कागद कलेक्टरकडे जातात, तिथून तहसील, तिथून मोजणी, हे तेव्हा कळलं. तोवर पलीकडून अपील दाखल झालेलं होतं.

गंमत अशी की या सगळ्याची खबर मला अण्णांच्या आधी लागते. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये खटल्याचा सोळा आकडी-अक्षरी नंबर टाकला की रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, समोर. मी इथे उठून चहा ठेवतो तेव्हा तिकडे कोर्टाची दुपार झालेली असते. 'युक्तिवादासाठी.' 'मुदतीचा अर्ज मंजूर.' 'पीठासीन अधिकारी रजेवर.' पुन्हा 'युक्तिवादासाठी.' देशभरातल्या कुठल्या कोर्टात किती खटले किती वर्षं पडून आहेत, हेही एका संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं, आणि तो आकडा ५ कोटींच्या वर आहे. मी राहतो त्या देशात सामान्य माणसाला आपल्या खटल्याचं इतकं उघडं चित्र घरबसल्या दिसत नाही. क्राउन कोर्टात, म्हणजे जिथे ज्युरीपुढे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात तिथे, काय बोललं गेलं त्याची प्रत हवी तर भरपूर पैसे मोजावे लागतात. म्हणजे पारदर्शकतेत आपण मागे आहोत, हे खरं नाही. आपल्याकडे तारीख कळते. ती का पडली, हे कळत नाही.

ज्युरीच्या त्या दोन आठवड्यांत नेमका हा फरक माझ्या अंगावर आला. पहिले दोन दिवस आम्ही नुसते बसून. जेवणासाठी दिवसाला ५ पौंड ७१ पेन्स, त्यात एक सँडविच आणि चहा. तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांतून माझं नाव निघालं, शपथ झाली, आणि दुपारी कामकाज थांबलं. न्यायाधीश आमच्याकडे वळून म्हणाले, बचाव पक्षाचे वकील दुसऱ्या कोर्टातल्या लांबलेल्या खटल्यात अडकले आहेत. हे आधी लक्षात यायला हवं होतं, आलं नाही, तुमचा अर्धा दिवस वाया गेला याबद्दल दिलगीर आहे. सकाळी साडेदहाला या. मी शेजाऱ्याकडे पाहिलं. तो घड्याळाकडे बघत होता, त्याला यात काही विशेष वाटलेलं नव्हतं. मी मात्र घरी येऊन अण्णांना फोन लावला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब स्वतः बोलले?"

खटल्याचं पुढे काय झालं ते सांगतो, पण ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते नाही. ते उघड करणं इथे गुन्हा आहे. आम्ही दोन शब्दांचा किंवा एका शब्दाचा निकाल दिला आणि घरी गेलो. कारण? एक ओळही नाही. ज्युरी कधीच कारणं देत नाही. म्हणजे ज्या कोर्टाने अर्ध्या दिवसाच्या खोळंब्याचं कारण दिलं, त्याच कोर्टाने एका माणसाच्या आयुष्याचा फैसला बिनकारणी केला. आपल्याकडे बरोबर उलटं. २०१३चा आमचा हुकूमनामा ६२ पानांचा आहे, प्रत्येक मुद्द्यावर कारणमीमांसा, मागच्या निकालांचे दाखले. त्यासाठी बारा वर्षं का लागली, यावर त्या ६२ पानांत शब्द नाही.

मराठी माणसाच्या आठवणीत ज्युरी म्हटलं की १९०८चा टिळकांचा राजद्रोहाचा खटला येतो. सात युरोपीय विरुद्ध दोन हिंदी, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. ज्युरीने काही म्हणो, मी निर्दोष आहे, हे त्यांचे शब्द आज मुंबई हायकोर्टात कोरलेले आहेत. आमच्या बारांत माझ्या रंगाचे आम्ही दोघे होतो. शपथ घेताना ते सात-दोन डोक्यातून जाईना. स्वतंत्र भारताने ज्युरी बंद केली याचं मला दुःख नाही. ज्युरीने खुनाच्या आरोपातून सोडलेल्या नानावटीच्या खटल्यामुळे ती गेली असं म्हणतात, पण ती त्याआधीच एकेका प्रांतातून जायला लागली होती. आपल्याकडच्या जातीपातीत आणि गावकीत ज्युरीवर दबाव आणणं किती सोपं, हे वेगळं सांगायला नको. पण ज्युरीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. कोर्टाच्या आतल्या बाजूला सामान्य माणूस उरला नाही. तो पक्षकार म्हणून जातो, आरोपी म्हणून, साक्षीदार म्हणून. मालक म्हणून कधीच नाही. म्हणूनच आपल्याकडे म्हण रुळली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. इथे शहाण्याला हाताला धरून पायरी चढवतात, वर सँडविचचे पैसे देतात.

आमच्या दहावीच्या ग्रुपवर न्यायव्यवस्थेचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे हा कुठला न्याय, कॉलेजियम बंद करा. दुसऱ्याचं म्हणणं, सरकारच्या हातात नेमणुका दिल्या की संपलंच. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग चार विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवला तेव्हाही हेच बोलणं, आजही हेच. मला दोघांचं अर्धं पटतं. पण एका गोष्टीकडे कुणी बघत नाही. तालुक्याच्या कोर्टातला कनिष्ठ स्तराचा न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन, मुलाखत देऊन येतो, त्याचे गुण जाहीर होतात. हायकोर्टात कोण का गेलं आणि कोण का राहिलं, हे कळायला २०१७ पासून संकेतस्थळावर टाकले जाणारे त्रोटक ठराव वाचायचे. इथे २००६ पासून न्यायाधीशांच्या जागांची जाहिरात निघते. अर्ज करा, चाचणी द्या, खोट्या खटल्यातला प्रसंग हाताळून दाखवा. निवड मंडळाचा अध्यक्ष वकील किंवा न्यायाधीश असून चालत नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या बायकोने अर्ज केला होता. नापास झाली, आणि हे ती ऑफिसच्या पार्टीत हसत सांगत होती.

तक्रारीचंही तसंच. न्यायाधीशाच्या वागणुकीबद्दल इथे कुणीही ऑनलाइन तक्रार करू शकतो. बहुतेक तक्रारी फेटाळल्या जातात, कारण लोक निकालावर चिडलेले असतात आणि निकाल हा वागणुकीचा विषय नाही. पण ज्या टिकतात त्यांत न्यायाधीशाचं नाव आणि कारण जाहीर होतं. निकालपत्र लिहायला फार महिने लावले म्हणून समज दिल्याच्या नोंदी मी स्वतः वाचल्यात. मोठी शिक्षा नव्हे. पण नावानिशी, लेखी.

आपल्याकडे हायकोर्टापासून वरच्या न्यायमूर्तींसाठी एका टोकाला महाभियोग, दुसऱ्या टोकाला जवळपास काही नाही. १९९३ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या वेळी काँग्रेसचे खासदार तटस्थ राहिले आणि ठराव पडला. २०११ मध्ये सौमित्र सेन यांनी राज्यसभेतल्या मतदानानंतर, लोकसभेची वेळ येण्याआधी राजीनामा दिला. इथल्या संसदेनेही ठराव करून न्यायाधीशाला काढल्याचं उदाहरण एकच, १८३० सालचं, तेही आयर्लंडमधल्या न्यायाधीशाचं. म्हणजे तोफ दोघांकडेही गंजलेली. यांच्याकडे निदान छडी आहे. गेल्या वर्षी, २०२५च्या मार्चमध्ये, दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या बंगल्यात आग लागली, नोटा सापडल्याचा आरोप झाला, आणि सुप्रीम कोर्टाने प्राथमिक अहवाल छायाचित्रांसह जनतेपुढे ठेवला. मे महिन्यात बहुतेक न्यायमूर्तींच्या मालमत्तेचे तपशीलही संकेतस्थळावर आले. ग्रुपवर यावर फक्त विनोद झाले. मला तर ती बातमी वाटली.

"तिकडे बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे," हे मला दर वेळी ऐकावं लागतं. ऐकतो. पण इथल्या कोर्टांची मी आरती ओवाळत नाहीये. १९९९ ते २०१५ या काळात पोस्टाच्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीतल्या चुकांमुळे ९००हून अधिक पोस्टचालकांना, म्हणजे आपल्या दुकानात पोस्टाची शाखा चालवणाऱ्यांना, चोर ठरवलं गेलं. त्यांत आपले गुजराती, पंजाबी दुकानदार कितीतरी. एक भारतीय वंशाची बाई गरोदरपणी तुरुंगात गेली. त्या प्रत्येक कोर्टात कामकाज वेळेवर सुरू झालं असेल, न्यायाधीश अदबीने बोलले असतील. संगणक बरोबरच असणार, असं कायद्याने गृहीत धरलं होतं, आणि ते कुणी हलवलं नाही. वीस वर्षं माणसं ओरडत होती. २०२४च्या जानेवारीत टीव्हीवर या प्रकरणावरची मालिका लागली आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. मालिका लागली नसती तर?

आणि आता यांचीही भिजत घोंगडी वाढलीत. क्राउन कोर्टात ७५ हजारांच्या वर खटले तुंबले, कोविडपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या ५ कोटींत छोटेमोठे दिवाणी-फौजदारी सगळे येतात आणि हे फक्त गंभीर गुन्ह्यांचे, तेव्हा तुलना सरळ होत नाही. तरी इथे हाहाकार आहे. २०२५च्या डिसेंबरात न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी उपाय सुचवला, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे अनेक खटले ज्युरीविना चालवा. म्हणजे कोर्टं कमी पडली तर सामान्य माणसाला बाहेर काढा. माझा याला विरोध आहे, आणि स्थानिक खासदाराला मी तसं लिहिलंय. परक्या देशातल्या ज्युरीसाठी भांडतोय हे पाहून बायकोला हसू आवरत नव्हतं.

घरच्या चर्चेत मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाले, पोलिसांनी पालकांना ताटकळत ठेवलं, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप योग्यच होता, मी तिथे असतो तर मीही उतरलो असतो. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. ग्रुपवर फटाक्यांच्या चित्रांचा पाऊस. मुंबई हायकोर्टाने त्या चकमकीवर प्रश्न विचारले आणि पुढच्या जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं, तेव्हा ग्रुपवर शुकशुकाट. शाळेत तक्रार का दाबली गेली, गुन्हा नोंदवायला उशीर का झाला, हे आरोपीच्या खटल्यात भर कोर्टात उलगडलं असतं. ते आता कुणाकडून ऐकायचं? आपल्याला निकाल हवा होता, तो गाडीतच लागला. ज्या देशात तुरुंगातल्या चारांपैकी तीन जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत, तिथे हा शॉर्टकट उद्या कुणाच्या वाट्याला येईल, हे कळायला वकील लागत नाही.

बोलायचीही धास्ती आहेच. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टातले वकील प्रशांत भूषण यांना न्यायव्यवस्थेवरच्या ट्वीटवरून अवमानप्रकरणी एक रुपया दंड झाला. रुपया हसण्यावारी नेला तरी, न भरल्यास तीन महिने कैद होती. इथे २०१६ मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने तीन न्यायमूर्तींचे फोटो छापून वर 'जनतेचे शत्रू' असं शीर्षक दिलं. मला ते किळसवाणं वाटलं. खटला मात्र कुणी भरला नाही, कारण कोर्टाची बदनामी हा गुन्हाच २०१३ साली रद्द झाला होता.

आपल्याकडे मागून काही मिळत नाही, असंही नाही. कोल्हापूरच्या खंडपीठासाठी वकिलांनी आणि लोकांनी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, तिथे सुरू झालं. साताऱ्यासह सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. अण्णांनी ती बातमी कापून ठेवलीय. मी म्हटलं, तुमचं तर अजून जिल्ह्याच्या कोर्टातच आहे. म्हणाले, "पुढे जाईल की."

मागच्या महिन्यात अण्णांनी एक धाडस केलं. वकिलांना म्हणाले, तारीख वाढवली की का वाढवली ते रोजनाम्यात सविस्तर लिहावं, असा अर्ज द्या. वकील त्यांच्याच शाळेतले, चांगले आहेत. ते म्हणाले, "अण्णा, साहेबांना राग येईल, आणि उगाच आपलं बोर्डावर मागे पडेल." अर्ज दिला नाही. पुढची तारीख पडली आहे, युक्तिवादासाठी.

अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत. काल त्यांनी फोनवर माझं पासपोर्टवरचं पूर्ण नाव आणि इथला पत्ता लिहून घेतला, पिनकोडसकट. वकिलांनी मागवून ठेवलाय.