तुम्हाला कुठं दुखतंय?

रविवारपासून मी जिना उलटा उतरतोय. म्हणजे तोंड भिंतीकडे, हात कठड्याला आणि एकेक पाय मागे चाचपत, तान्ही मुलं पलंगावरून उतरतात तसा. सोसायटीत दोघांनी विचारलं काय झालं, मी म्हणलं गोल्फ खेळताना लागलं. हे खोटं आहे. गोल्फ सुरूच झाला नव्हता. गोल्फ खेळताना लागू नये म्हणून जो व्यायाम करतात ना, तो करताना लागलं.

गोल्फ म्हणलं की लोक लगेच 'तुमचं काय बुवा' या नजरेने बघतात, म्हणून सांगून टाकतो, माझा सेट सेकंडहँड आहे, बॅगेची चेन अर्धीच लागते आणि खेळ म्हणाल तर हँडिकॅप २८, म्हणजे गवताचं नुकसान जास्त. हे खूळ लागलं ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली तेव्हा. एका स्ट्रोकने ब्राँझ हुकलं तिचं. त्या शनिवारी भल्या पहाटेपासून निम्मा देश टीव्हीसमोर बसून बर्डी म्हणजे काय हे एकमेकांना विचारत होता, बाकीचे सोमवारी विसरले, मी विसरलो नाही, एवढंच.

तर मागच्या वर्षी कंबर धरली. फिजिओ मॅडम म्हणाल्या, गोल्फवाल्यांचं सगळ्यात जास्त दुखतं ते कंबरेतच, तुम्ही गाडीतून उतरता आणि थेट ड्रायव्हर (गाडीचा नव्हे, बॅगेतली सगळ्यात लांब स्टिक) फिरवता, असं कसं चालेल. मुद्दा बरोबर होता. नुसता चेंडू तर मारायचाय असं वाटतं, पण बऱ्यापैकी हौशी माणसाच्या स्टिकचं डोकं चेंडूपाशी येतं तेव्हा ताशी १४०-१५० किलोमीटरच्या आसपास असतं, आणि हा सगळा वेग रात्रभर वाकडंतिकडं झोपलेल्या मणक्यातून काढायचा असतो. मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं. आधी पाच मिनिटं झपाझप चालणं, मग पाय पुढेमागे झुलवणं, मग स्टिक खांद्यांवर आडवी धरून कंबरेतून वळणं, मग दोन स्टिक एकत्र धरून हळू स्विंग. ताणून धरून उभं राहायचं नाही, सगळं हलतं ठेवायचं, खेळायच्या तोंडावर स्नायू नुसता ताणून ठेवला तर उलट ढिला पडतो म्हणे. एकूण पंधरा मिनिटं.

या बाबतीत माझं दैवत म्हणजे स्पेनचा गोल्फर मिगेल आंखेल हिमेनेझ. २०१४ च्या ब्रिटिश ओपनमधला त्याचा वॉर्मअपचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, तोंडात सिगार, मागे पोनीटेल, पुढे छानपैकी पोट, आणि हा बाबा गुडघे जुळवून गोल गोल फिरवतोय, कंबर फिरवतोय, चेहरा असा की जणू दुकान उघडायच्या आधी फळ्या काढतोय. पन्नाशीचा होता तेव्हा. त्याच वर्षी पन्नाशी उलटल्यावर त्याने युरोपियन टूरवर, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक गोल्फच्या मालिकेत, स्पर्धा जिंकली, तिथला सगळ्यात वयस्कर विजेता. मी त्याचं ते गुडघ्यांचं प्रकरण हॉलमध्ये करून बघत होतो तर बायको कुकर घेऊन मधेच थांबली, म्हणाली, अहो हे कुठं करणार आहात? कोर्सवर म्हणलं. ती म्हणाली बरं, आणि आत गेली. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते मला रविवारी कळलं.

रविवारी सहा पन्नासची टी-टाइम, म्हणजे पहिला चेंडू मारायची ठरलेली वेळ. पुण्यातली जानेवारीची थंडी, गवतावर दव, टिटव्या कोकलतायत (माझी आजी म्हणायची टिटवी ओरडली की काहीतरी होतं, आजीला गोल्फ माहीत नव्हता पण बाई बरोबर होती). रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, जावं तर सगळ्या जागा भरलेल्या, आणि भरलेल्या म्हणजे काय, निम्मे लोक फोनवर बोलत उभे. म्हणून मी पहिल्या टीच्या (जिथून पहिला चेंडू मारतात त्या जागेच्या) बाजूला, चिंचेच्या झाडाखाली, कोपरा धरला, चिठ्ठी खिशात, आणि स्टिक खांद्यांवर आडवी घेऊन वळायला लागलो.

"तुम्हाला कुठं दुखतंय?"

वळता वळता बघितलं तर एक काका. पंच्याहत्तरच्या पुढचे. विणलेला स्वेटर, त्यावर जाकीट, माकडटोपी, आणि खाली मात्र कडक इस्त्रीची पँट. त्यांचा फोरबॉल, म्हणजे चौघांचा गट, आमच्या आधीचा होता आणि बाकीचे तिघं उगवले नव्हते, म्हणजे माणूस पूर्ण मोकळा.

"नाही काका, दुखत नाहीये. वॉर्मअप करतोय."

"म्हणजे अजून दुखत नाहीये."

मी हसलो. इथंच चुकलं. पुण्यात अनोळखी माणसाच्या वाक्याला हसणं म्हणजे त्याला पाट मांडून देणं. काका दोन पावलं पुढे आले, माझ्याभोवती एक चक्कर मारली, जुनी स्कूटर विकत घेताना मारतात तशी.

"वय काय?"

"सत्तेचाळीस."

"वाटत नाही." मी खूश व्हायच्या आत, "जास्त वाटतं. शुगर?"

"नाही."

"बघितलीये का?"

"बघितली काका."

"उपाशीपोटी?"

हे सगळं मोठ्याने बरं का, कारण काकांचं श्रवणयंत्र बॅगेत होतं. स्टार्टर (एकेका गटाला वेळेवर सोडणारा) पॅड हातात घेऊन ऐकतोय, पलीकडे तीन-चार कॅडी (बॅगा वाहणारी पोरं) ऐकतायत, माझे पार्टनर चहाचे कप घेऊन ऐकतायत. आणि मी स्टिक खांद्यावर आडवी धरून, दोन्ही हात तिच्यावरून लोंबकळत, जू मानेवर घेतलेल्या बैलासारखा डावीकडे वळतोय, उजवीकडे वळतोय, आणि दर वळणाला एकेक उत्तर देतोय.

"मूळचे कुठले?"

"साताऱ्याकडचे."

"मग तुम्हाला हे लागायलाच नको! वडील कशाने गेले?"

"वडील आहेत काका. घरी आहेत."

काका क्षणभर थांबले. नाराज झाले असं म्हणवत नाही, पण हिशोब चुकल्यासारखा चेहरा झाला. मग म्हणाले, "बघा. त्यांनी कधी हे असलं केलं नसणार."

यावर काय बोलणार? माझे वडील एसटीत होते, त्यांचा वॉर्मअप म्हणजे सकाळी साडेचारला गार पडलेलं इंजिन चालू करणं. पण हे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांचा आता विषय सुटला होता. सगळ्या नसा तळपायात असतात, कळलं का. तळपाय मोकळा तर माणूस मोकळा. तुमच्या फिजिओ लोकांना हे शिकवतच नाहीत. चेंडू आहे का? माझ्या हातात नवाकोरा चेंडू होता, साडेतीनशे रुपयांचा, वाढदिवसाला मिळालेल्या तीनातला शेवटचा, त्यावर मी आदल्याच रात्री हिरव्या पेनने दोन ठिपके आणि 'वि' काढला होता. हे हौसेने नाही, चेंडूवर आपली खूण करावी असं गोल्फच्या नियमातच आहे. काकांनी तो घेतला, चिंचेच्या बुंध्याला टेकले, आणि भर पहिल्या टीवर उजव्या पायातला बूट काढला. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. ओल्या गवतावर माझा चेंडू ठेवून त्यावर तळपाय फिरवायला लागले, डोळे मिटून, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मलाच तिथं उभं राहणं अवघड झालं.

"अहाहा. करा तुम्ही."

"काका, माझा चिठ्ठीतला पायाचा व्यायाम राहिलाय, तो करतो."

"कोणता?"

इथं मी दुसरी चूक केली, करून दाखवला. पाय पुढेमागे झुलवायला कशाचा तरी आधार लागतो. मी स्टिक जमिनीवर टेकवून धरली होती पण जमीन ओली, स्टिक रुतायला लागली. काका म्हणाले, अरे मी कशाला आहे, धर. चेंडू खिशात टाकला, बुटात पाय सरकवला, नाडी तशीच लोंबती, आणि खांदा पुढे केला. नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही, कारण तोपर्यंत ते मला 'अरे' म्हणायला लागले होते आणि 'अरे' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपल्याकडे नाही म्हणता येत नाही.

तर दृश्य असं की पहाटेच्या धुक्यात मी एका अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवून पाय झुलवतोय आणि ते मोजतायत. "सात... आठ... वर घे अजून... नऊ..." मी घेतला. आता वाटतं का घेतला, सत्तेचाळीस वर्षांत कुणी 'वर घे' म्हणलं म्हणून पाय वर घेतला नव्हता. दहाव्याला त्यांचे फोरबॉलवाले आले. काका "आलात का राजे!" असं ओरडून वळले, आणि वळताना खांदा बरोबर घेऊन गेले.

खांदा गेला, माझा एक पाय हवेत, दुसरा ओल्या गवतावर, तो सुटला पुढे. मांडीच्या मागे कापड फाटल्यासारखं काहीतरी टर्रकन झालं आणि मी आडवा. टिटवी ओरडली. कॅडींपैकी एकाने पाठ फिरवली, त्याचे खांदे हलत होते, मला त्याचा राग नाही. राग आला तो काकांच्या पुढच्या वाक्याचा. ते वाकून बघायला आले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तरी मी पहिल्यापासून विचारतोय, तुम्हाला कुठं दुखतंय?"

आणि गेले, त्यांची टी-टाइम झाली होती. पहिल्या टीवर काहीही वॉर्मअप न करता, माकडटोपीसकट, अर्धा स्विंग, चेंडू सरळ शंभरेक यार्ड. फार नाही. पण सरळ.

मला खरंच प्रश्न पडतो, माणूस शांतपणे स्वतःचं काहीतरी करत असला की आपल्या लोकांना का बघवत नाही? बागेत पळा, कुणीतरी म्हणतं गुडघे जातील. पोहा, तर कान जातील. मी दारू पीत उभा असतो तर काका शेजारून गुपचूप गेले असते, शपथेवर सांगतो, पण मी व्यायाम करत होतो म्हणजे मी सार्वजनिक मालमत्ता. १४५७ मध्ये स्कॉटलंडात राजा दुसरा जेम्स याच्या काळात गोल्फवर बंदी घातली होती, लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू बडवत बसतात म्हणून. तिरंदाजीच बरी होती. हातात बाण असलेल्या माणसाला कुणी शुगर विचारत नाही. आणि ते फिजिओचे पैसे, सातशे रुपये एका वेळचे, सहा वेळा बोलावलंय, ते कोण देणार? पार्टनर लोकांचं तर बोलायलाच नको, तिघांपैकी एकानेही 'थांबूया का' विचारलं नाही, एकाने फक्त विचारलं की मागच्या ग्रुपला आधी सोडायचं का.

मी खेळलो. ग्रीन फी भरली होती, परत मिळत नाही. पहिला चेंडू (जुना, बॅगेच्या तळातला) वरून खरवडला गेला आणि रेड टीच्याही (बायकांची पुढची टी) अलीकडे थांबला, आमच्यात त्याला सगळ्यांचा नाश्ता द्यायचा दंड आहे, तोही दिला. कॅडी चांगला पोरगा होता, तिसऱ्या होलला हळूच म्हणाला, "साहेब, आम्ही पण करतो, पण तिकडं शेडच्या मागं करतो. इथं कोण करू देतंय." हे मला खेळ सुरू व्हायच्या आधी सांगितलं असतं तर.

नऊ होल कसेबसे संपवून लंगडत चहाच्या टपरीवजा हटपाशी आलो तर काका तिथंच. आम्लेट-पाव चाललेला, टोपी काढलेली, मूड एकदम फर्स्ट क्लास. टेबलावर रुमाल पसरून त्यावर एक चेंडू पुसत होते. हिरवे दोन ठिपके, 'वि'.

"ये ये, बस. कशी आहे मांडी? हे बघ, आज काय झालं, खिशात हात घातला तर हा. नवाकोरा! कुठनं आला देव जाणे, नातवाने टाकला असणार, त्याचं नाव विहान. याच्यावर आठव्याला पार मारला मी, ठरलेल्या फटक्यांत होल संपवला, किती वर्षांनी."

माझा कॅडी माझ्याकडे बघत होता. मी चेंडूकडे बघत होतो. तोंड उघडलं पण होतं. पण काकांनी तो रुमालात असा गुंडाळला, प्रसादाचा पेढा गुंडाळतात तसा, की माझ्याच्याने बोलवेना.

"तू किती हरवलेस आज?"

"चार."

"थांब," म्हणाले, आणि बॅगेच्या तळाशी हात घालून एक चेंडू काढून माझ्या हातावर ठेवला. पिवळा पडलेला, एका बाजूला कापलेला, वर कुठल्यातरी कंपनीचं पुसट नाव. "घे. ठेव तुला."

मी घेतला. थँक्यू पण म्हणालो.