फोर्स प्लेटला गुडघा दिसत नाही

‘चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सव्वापट भार येतो, फोर्स प्लेटवर तो नोंदला जातो’ हे तुमच्या चालण्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. फोर्स प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली, भार मोजणारी पाटी; जमीन तळपायाला किती जोराने उलट ढकलते, तेवढंच ती मोजते. गुडघ्याच्या आत काय चाललंय याची तिला गंधवार्ताही नसते. सांधा स्थिर ठेवण्यासाठी मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हाडं एकमेकांवर आवळतात. ही ओढाताण शरीराच्या आतल्या आत होते, म्हणून प्लेटवर ती वेगळी उमटत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी थेट कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवले. २०१० साली आलेले त्यांचे आकडे बघा: सपाटीवर चालताना सरासरी सर्वोच्च भार वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना उतरताना जवळपास ३.५ पट. नुसतं दोन पायांवर उभं राहिलं तरी एकेका गुडघ्यावर जवळजवळ पूर्ण वजन! (रुग्ण पाचच होते, तेही सांधा बदललेले, हे मान्य.)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे हा फरक मला रोज भेटतो. गुडघेदुखीवाले काका-काकू जिना चढताना कठडा घट्ट धरतात, एकेक पायरी घेतात, आणि उतरताना मात्र हात सोडून भराभर खाली येतात. ‘उतरायला कसला आलाय जोर?’ सत्तर किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर त्या क्षणी २४० किलोंच्या आसपास भार असू शकतो, हे सांगितलं की कठड्याकडे हात आपसूक जातो. तेवढं वाक्य दुरुस्त करा. चालीच्या टप्प्यांचा भाग मात्र झकास जमलाय.