प्रतिसाद: ‘चारशे चुका दाखवल्या आणि उघडं पोर्ट मात्र सुटलं’

नमस्कार,

तुमच्या रिव्ह्यूत दोन तक्रारी आहेत. पाइपलाइनमध्ये (कोड तपासून रिलीज करणाऱ्या आपोआप पायऱ्यांत) टेराफॉर्मच्या, म्हणजे क्लाउडची रचना कोडमध्ये लिहिलेल्या फाईली तपासायला चेकोव्ह हा स्कॅनर बसवल्यावर पहिल्याच रनला चारशेच्या वर ‘फेल्ड’ आले आणि रिलीज अडकलं. शिवाय एवढं करूनही बॅस्टियन सर्व्हरचं (आतल्या नेटवर्कमध्ये शिरण्याच्या सर्व्हरचं) पोर्ट २२, म्हणजे एसएसएच लॉगिनचं दार, सगळ्या जगाला उघडं होतं, ते स्कॅनला दिसलंच नाही. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, म्हणून आधी ती घेतो. (पोर्ट बंद झाल्याची तुमच्या टीमकडून खात्री करूनच हे लिहीत आहोत. अकाउंट किंवा आयपी इथे देणार नाही.)

चेकोव्हचा पोर्ट २२ साठीचा रूल, सीकेव्ही-एडब्ल्यूएस-२४ (एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनचं क्लाउड), चालूच होता. सिक्युरिटी ग्रुपच्या (क्लाउडच्या फायरवॉलच्या) इनग्रेसमध्ये, म्हणजे आत येण्याच्या नियमांत, ०.०.०.०/० (कुठलाही पत्ता) लिहिलंय का, हे तो बघतो. तुमच्या कोडमध्ये त्या जागी पत्ता नव्हता, व्हेरिएबल होतं, तेही डिफॉल्ट नसलेलं. व्हॅल्यू होती प्रॉडक्शनच्या वेगळ्या टीएफव्हार्स (व्हेरिएबलच्या व्हॅल्यूंच्या) फाईलमध्ये. ठरलेल्या नावाची टेराफॉर्म.टीएफव्हार्स आणि ‘ऑटो’ शेपटीच्या फाईली चेकोव्ह आपणहून वाचतो. इतर नावाची फाईल त्याला कमांडमध्ये सांगावी लागते. सांगितली नाही, तर त्याच्या हाती फक्त व्हेरिएबलचं नाव उरतं. ते ०.०.०.०/० नाही, म्हणून ‘पास्ड’! तुमच्याकडे डेव्ह, स्टेजिंग, प्रॉडक्शन अशा फाईली नंतर वेगळ्या झाल्या, स्कॅनची पायरी मात्र पूर्वीचीच राहिली.

यावर खरा उपाय म्हणजे नुसत्या फाईली न तपासता प्लॅन (टेराफॉर्म काय बदल करणार त्याची यादी) तपासणं. प्रॉडक्शनची टीएफव्हार्स देऊन टेराफॉर्म प्लॅन फाईलमध्ये काढायचा, टेराफॉर्म शो वापरून त्याचं जेसन (मशीनला वाचता येणारा मजकूर) करायचं आणि ते चेकोव्हला द्यायचं. त्यात व्हेरिएबल, मॉड्यूल, लूप सगळं सुटून खऱ्या व्हॅल्यू आलेल्या असतात. मात्र ‘सेन्सिटिव्ह’ म्हणून खूण केलेले पासवर्डसुद्धा या जेसनमध्ये उघडे दिसतात. ते जेसन आर्टिफॅक्ट म्हणून (पाइपलाइन जपून ठेवते ती फाईल) साठवू नका, त्याच जॉबमध्ये पुसून टाका. अप्लाय (प्रत्यक्ष बदल) झाल्यावरच कळणाऱ्या व्हॅल्यू प्लॅनमध्ये रिकाम्याच असतात, तेवढी मर्यादा राहते. फाईलींचा स्कॅनही काढू नका. तो काही सेकंदांत होतो आणि त्याला क्लाउडची परवानगी लागत नाही.

कोणी कन्सोलमधून हाताने नियम जोडला, तर गोष्ट वेगळी. इनग्रेस नियम स्वतंत्र रिसोर्स म्हणून लिहिलेले असतील, तर हाताने जोडलेला जादा नियम टेराफॉर्मच्या स्टेटमध्ये (त्याच्या नोंदीत) नसतो आणि प्लॅनमध्येही उमटत नाही. त्यासाठी चालू अकाउंटवर एडब्ल्यूएस कॉन्फिग या तपासणी सेवेचा ‘रिस्ट्रिक्टेड एसएसएच’ रूल लावावाच लागतो.

आता ते चारशे. हा आकडा चारशे दोषांचा नाही. एकाच एसथ्री बकेटवर (एडब्ल्यूएसच्या फाईल-साठ्यावर) अ‍ॅक्सेस लॉगिंग, व्हर्जनिंग, केएमएस (की सांभाळणाऱ्या सेवेतून एन्क्रिप्शन), दुसऱ्या रीजनमध्ये रेप्लिकेशन (प्रत ठेवणं), लाइफसायकल, इव्हेंट नोटिफिकेशन असे वेगवेगळे रूल फेल होतात आणि तेच मॉड्यूल जितक्या ठिकाणी वापरलंय तितक्यांदा मोजले जातात. चेकोव्हची मोफत आवृत्ती, ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मच्या कीशिवाय, गांभीर्यही सांगत नाही. उघडं पोर्ट आणि नसलेलं लॉगिंग एकाच ओळीत बसतं. बिल्डच्या तात्पुरत्या बकेटची मुंबईहून हैदराबादला प्रत ठेवायची म्हणजे स्टोरेजचा खर्च दुप्पट, वर ट्रान्सफरचा वेगळा. आमच्या मते ते करू नये. एन्क्रिप्शनचंही तसंच: जानेवारी २०२३ पासून एसथ्री प्रत्येक नवी ऑब्जेक्ट आपणहून एन्क्रिप्ट करतं. केएमएसचा रूल त्यापुढची मागणी करतो, आणि ती ग्राहकांच्या कागदपत्रांच्या बकेटवर योग्यच आहे.

म्हणून रिलीज अडवणारे रूल मोजकेच ठेवा: जगाला उघडी २२ आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं) पोर्ट, पब्लिक बकेट, पब्लिक आरडीएस (डेटाबेस), सगळीकडे स्टार, म्हणजे सगळ्याला मुभा, असलेली आयएएम (परवानग्यांची) पॉलिसी, कोडमध्ये लिहिलेल्या की. बाकीचे सॉफ्ट फेलवर, म्हणजे दिसतील पण अडवणार नाहीत. जुन्या ढिगाऱ्यासाठी बेसलाइन फाईल (आजच्या दोषांची यादी) काढा, म्हणजे पुढे फक्त नवे दोष दिसतील. पण इथे क्रम चुकवू नका. बेसलाइनमध्ये गंभीर दोषही गाडले जातात, त्यामुळे अडवणाऱ्या यादीतले आधी दुरुस्त करा आणि मगच ती काढा. एखादा रूल खरोखर लागू नसेल, तर त्या रिसोर्सच्या ब्लॉकमध्येच कारणासहित स्किपची कॉमेंट लिहा. रिलीज अडकलं म्हणून सध्या तुमच्या जॉबवर ‘फेल झाला तरी चालेल’ लावलेलं आहे, ते काढा. त्याने पाइपलाइन कायम हिरवीच दिसणार.

या बदलांची मर्ज रिक्वेस्ट (ते कोडमध्ये सामील करण्याची विनंती) तुमच्या रिपॉझिटरीत पाठवली आहे. मर्ज करण्याआधी तिच्यावरून वेगळी ब्रँच काढा, प्रॉडक्शनच्या टीएफव्हार्समध्ये मुद्दाम ०.०.०.०/० टाका आणि अप्लाय न करता पाइपलाइन चालवा. ती लाल झालीच पाहिजे. नाही झाली, तर मर्ज करू नका आणि आम्हाला लगेच फोन करा.